उंद्रीच्या यानात तिघं

कुणी पत्र पाठवलं म्हणून उठून गाडीत बसणारी बाई मी नव्हे. आयुष्यात एकदाच बसले, आणि तेही तणतणत.

चाळीस वर्षं पुण्यातल्या एका कारखान्याच्या आरेखन विभागात मी नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा एका छोट्या विज्ञान मासिकात जुन्या, कामावरून उतरलेल्या यंत्रांवर लेख लिहायला लागले. त्यातलाच एक लेख 'सोयुझ टी' या रशियन यानावर होता. माणसांना अंतराळात नेऊन परत आणणारं हे यान ऐंशीच्या दशकात निवृत्त झालं. आपला भारतीय अंतराळवीर गेला तो याच यानातून. लेख छापून आला, ओळखीच्या चारजणांनी 'छान' म्हटलं आणि मी तो विसरून गेले.

मग जानेवारीत मासिकाच्या कचेरीतून हे पत्र आलं:

'ताईंना नमस्कार. तुमचा सोयुझ यानाचा लेख आमच्या गावच्या वानखडे गुरुजींनी वाचला आणि त्यावरून माझ्या मालकांनी (दिनकर मिस्त्री) पत्र्याचं यान बनवलं. शाळेतल्या पोरांना बसायला. त्यात तीन माणसं मावत नाहीत. त्यावरून दोघांचं भांडण होऊन तीन महिने बोलणं बंद आहे. गुरुजी आता गावातलं घर बंद करून लेकीकडे राहायला चालले. तुमचा आकडा चुकला असंल तर तसं लिहून कळवा. बरोबर असंल तर येऊन बसून दाखवा. सौ. शोभा, मु. पो. उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा.'

येऊन बसून दाखवा! माझा आकडा चुकला असं म्हणायची छाती चाळीस वर्षांत एकाही फोरमनची झाली नव्हती. पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना 'लेकीकडे राहायला चालले' ही ओळ जरा टोचली, पण राग मोठा होता. पिशवीत पाच मीटरची टेप टाकली, लेखाचा अंक टाकला आणि निघाले.

चिखली

रात्रभराच्या गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी चिखलीला उतरले तेव्हा थंडीने दात वाजत होते. स्टँडबाहेर गरम आलुबोंडा आणि तळलेली मिरची मिळाली. पुण्यात बटाटेवड्याबरोबर येणारी मिरची ही एक शोभेची वस्तू असते. इथली मिरची मनापासून तिखट होती. मी डोळे पुसत चहा प्यायले आणि दुकानदाराने न विचारता दुसरा अर्धा कप पुढे केला. "घ्या मावशी, पयल्यांदा आल्या वाटते."

बाजाराकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. भरतीपेक्षा वर बांधलेल्या, पांढऱ्या, आणि मागून वाऱ्यावर पुंजके उडताहेत. उंद्रीला जाणारी एसटी आत्ताच गेली, असं चौघांनी चार वेगवेगळ्या वेळा सांगून कळवलं. मग जीप.

"बसा," जीपवाला म्हणाला.

मी आत पाहिलं. बसायला जागा म्हणून नव्हती. "कुठे बसू?"

"तुमी बसा तं खरं. जागा होते."

आणि झाली हो! कुणी एक मांडी उचलली, कुणी पोतं पायाखाली घेतलं, कुणी खांदा तिरका केला आणि माझ्यापुरती फट तयार झाली. मी मोजलं, चालकासकट पंधरा माणसं. पुण्यात रिक्षात चौथा माणूस बसला तर आम्ही वर्तमानपत्रात पत्र लिहितो. इथे कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

शेजारी वांग्याची पाटी मांडीवर घेतलेली बाई होती. तिनं सरळ विचारलं, "काऊन चालल्या उंद्रीले?"

पुण्यात अनोळखी माणसाला 'का चाललात' असं विचारलं तर तो उद्धटपणा. इथे ती चौकशी असते, हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं. तेव्हा मी जरा तुटकपणेच म्हटलं, "दिनकर मिस्त्रींकडे."

"यानवाल्याकडे!" अख्खी जीप म्हणाली.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी त्या लेखवाल्या बाई तं नाई?"

"हो. मीच."

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्याच्यात तिघं मावत नाईत म्हन्ते."

"तिघं?" जीपवाला गिअर टाकत म्हणाला. "मंग तं गाडी रिकामीच चालली!"

हसायला जागा नव्हती, तरी सगळे हसले. मी मात्र रागाने टेप चाचपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती, काही ठिकाणी कापून रचलेली, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. उंद्रीला उतरताना माझी उजवी चप्पल पोत्याखाली अडकली आणि ती सुटण्याआधीच जीप खामगावच्या दिशेने निघूनही गेली. अशा रीतीने महाराष्ट्रातली एक ज्येष्ठ आरेखक एका पायात चप्पल घालून उंद्रीत शिरली.

उंद्री

शोभावहिनींना मी ओळखण्याआधी त्यांनी मला ओळखलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, आत गेल्या, आपली चप्पल आणून माझ्यासमोर ठेवली आणि मगच म्हणाल्या, "या ताई. पत्राचा राग नाई ना आला?"

"आला," मी म्हटलं.

"बरं झालं. नाई तं तुमी आल्या नसत्या."

बाई पन्नाशीच्या, काटक, आणि तोंडाने अजिबात मऊ नव्हेत. आमचं तिथल्या तिथे जमलं.

दिनकर मिस्त्रींचं शेड घरालाच लागून आहे. एरवी मळणीयंत्रं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा हा माणूस, बुटका, अठ्ठावन्न-साठीचा, बोलायला महाकंजूष. मला पाहून नमस्कार केला आणि म्हणाला, "टेप आणली काय?"

"आणली."

"मंग मोजा."

शेडच्या मध्यभागी ते होतं. मला वाटलं होतं, गणपतीच्या देखाव्यात असतं तसलं काहीतरी पुठ्ठ्याचं असेल. अहो, खरं सांगते, मी दारातच थांबले. सोयुझ यानाचे तीन भाग असतात. पुढे एक गोल खोली, मागे इंजिनाचं पिंप, आणि या दोहोंच्या मध्ये घंटेच्या आकाराची कुपी. खालून रुंद, वर निमुळती होत गोल झालेली. पुढचा आणि मागचा भाग परतताना सुटून जळून जातात. माणसांना घेऊन जमिनीवर येते ती फक्त ही कुपी. आणि उंद्रीत, मळणीयंत्रांच्या पात्यांच्या मधोमध, ती कुपी उभी होती. पत्रा इतका सुरेख वळवलेला की सांधा शोधावा लागत होता.

मी मोजायला लागले. तळाचा व्यास दोन मीटर वीस. बरोबर. उंची बरोबर. वरच्या झाकणाचं भोक बरोबर. आतल्या भिंतीतून दोन पेट्या पुढे आलेल्या, एक मोठ्या पॅराशूटची आणि एक राखीव पॅराशूटची, त्याही जागच्या जागी. मी लेखात लिहिलेला एकही आकडा या माणसाने सोडला नव्हता. बटणांपर्यंत हात पोचत नाही म्हणून कप्तानाजवळ एक काडी असते, असं मी गंमत म्हणून लिहिलं होतं. इथे तुरीची एक सरळ वाळकी काडी बटणांच्या फळीला दोरीने बांधून ठेवलेली होती.

"माझे आकडे बरोबर आहेत," मी जाहीर केलं. "आणि तुमचं कामही अगदी बरोबर आहे."

दिनकररावांचा चेहरा हलला नाही. पण वहिनी चटकन म्हणाल्या, "हे यांले पुन्हा एकदा सांगा. मोठ्यानं."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

"मंग आता बसा," दिनकरराव म्हणाले.

शिडीवरून चढून, वरच्या भोकातून मी आत उतरले. या वयात ते दृश्य कसं दिसलं असेल त्याबद्दल मी विचार करत नाही. आत तीन खुर्च्या होत्या. जीपच्या पुढच्या सीटसारख्या ताठ, एका ओळीत, समोरच्या फळीकडे तोंड करून. मी उजवीकडच्या खुर्चीत बसले. पॅराशूटची पेटी बरोबर कानशिलावर आली, मान डावीकडे वाकली आणि गुडघे फळीला जाऊन भिडले. मला हलताच येईना.

आणि तिथे, मान वाकडी करून बसलेली असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, पण ही माणसं बसत नाहीत!" मी आतून ओरडले. "ती पाठीवर निजतात! पाय पोटाशी घेऊन! पाठ तळाकडे, तोंड वर!"

मग दिनकररावांचा आवाज आला. "हे कुठी लिवलंय?"

"लेखात. चित्रच आहे मुळी, बाजूचं. अंक द्या तो माझ्या पिशवीतला."

वहिनींनी अंक वरून आत सोडला. मी मोठ्या दिमाखात पान उघडलं. समोरून दिसणारं चित्र होतं, तीन डोकी एका ओळीत, सुबक. बाजूचं चित्र नव्हतं. मी पान उलटलं. परत उलटलं. आणि मग आठवलं, आणि कान गरम झाले.

बाजूचं चित्र मी काढलेलं होतं. चार पानांत मजकूर बसेना, तेव्हा मीच ते उडवलं. का? तर एक परिच्छेद वाचवायला. 'अंतराळातून पहाट कशी दिसत असेल' असा माझा एक फारच लाडका परिच्छेद होता. मी कधी न पाहिलेली पहाट ठेवली आणि माणसं कशी झोपतात हे काढून टाकलं. वस्तूचं एकच बाजूचं चित्र देऊ नये, हे मी चाळीस वर्षं शिकाऊ पोरांना दरडावून सांगत आले होते. संपादकाला दोष द्यायची सोय असती तर मी नक्की दिला असता. पण नव्हती.

शिडीवरून खाली आले तेव्हा मी म्हटलं, "चूक माझी आहे. सगळी."

दिनकररावांनी फक्त मान हलवली आणि पान्याने खुर्च्यांचे बोल्ट सोडायला घेतले.

जेवताना वहिनींनी सगळं सांगितलं. ज्वारीची भाकरी, सोल्यांची म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या' एकदा विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात.

"तीस वर्सं झाली," वहिनी म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गुरुजी शेडमधी येऊन बसत. हे काम करत, ते वाचून दाखवत. गुरुजीची मंडळी वारली तवापासून तं जेवनही इथंच. मंग तुमचा लेख आला. दोघं येडे झाले, ताई. चार महिने दुसरं बोलनं नाई. दिवाळीच्या पाडव्याले आख्ख्या गावासमोर हे, गुरुजी अन् एक शेजारी असे तिघं आत बसले. यांची मान अडकली. हे बाहेर येऊन म्हनले, लेख खोटा हाये. गुरुजी म्हनले, छापलेलं खोटं नसते. तुझ्या हाताले आता माप राह्यलं नाई, दिनकर."

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. कारागिराला, गावासमोर.

"मंग यांनंही सोडलं नाई. म्हनले, तुमी जन्मभर पोरांले न समजताच शिकवलं." वहिनींनी माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. "झालं. तवापासून बंद. गुरुजी परवा सामान बांधून लेकीकडे गेले, जळगाव जामोदले. घर पाहायले गिऱ्हाईक येऊन राह्यलं म्हन्ते."

मला जेवण गोड लागेना, आणि ते जेवण फार चांगलं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

दुपारी जीपवाला परत आला. माझी चप्पल त्याने आरशाला लटकवून आणली होती. "मावशी, खामगाव पाहून आली तुमची चप्पल," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत दिनकररावांनी तिन्ही आसनं आडवी केली. मी बाजूचं चित्र खडूने शेडच्या भिंतीवर काढून दिलं, आता काढून काय उपयोग ते मला माहीत होतं तरी. बोलता बोलता मी सांगितलं की खऱ्या यानात आसनाचं अस्तर प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीचा साचा घेऊन बनवतात. एकाचं अस्तर दुसऱ्याला चालत नाही. उतरताना दणका बसतो, तो पाठीवर सारखा पसरावा म्हणून.

दिनकरराव थांबले. "हे लेखात होतं?"

"नाही. तेही राहिलंच."

त्यांनी पोत्याच्या कापडाच्या तीन गाद्या शिवून घेतल्या आणि सरकी मागवली. कापसाचं बी, आकार चांगला धरतं. एका गादीवर मला निजवून माझ्या पाठीखाली सरकी सारखी केली, टाके घातले. दुसरी स्वतःची. तिसरी मधली, कप्तानाची. ती त्यांनी मोकळ्या जमिनीवर ठेवली आणि कुणालाही न निजवता हातानेच दाबायला लागले. डावीकडे जास्त सरकी, उजवीकडे कमी. कमरेपाशी एक खळगा. मागे सरकून पाहत, पुन्हा दाबत.

"ही कुणाच्या मापाची?" मी विचारलं.

"डावा खांदा खाली हाये," ते म्हणाले. "सायकलवर पिशवी वागवून वागवून. अन् कंबरेत गॅप." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी जाऊन राह्यल्या ना उद्या जळगावले?"

मी जाणार आहे, हे मला तेव्हाच कळलं.

जळगाव जामोद

उंद्रीहून खामगाव, तिथून नांदुरा, पुढे जळगाव जामोद. घाट उतरला की मुलूख एकदम सपाट होतो. काळी, रुंद, न संपणारी जमीन. पूर्णेच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा हातपंपावर पाणी प्यायले आणि तोंड वाकडं झालं. खारट! शेजारच्या आजोबांना गंमत वाटली. "खारपानपट्टा हाये बाई. पाहुन्याले एक घोट, मंग तो स्वतःच घरी जाते." पूल ओलांडून तासाभरात उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ उभी राहिली आणि तिच्या पायथ्याशी जळगाव.

वानखडे गुरुजींच्या लेकीचं घर बाजाराच्या मागे सापडलं. गुरुजी उंच, वाळकुडे, इस्त्रीचा सदरा. ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, आणि ते उलटं धरलेलं नव्हतं इतकंच. वाचत मात्र नव्हते. बाजूला एक ट्रंक होती, अजून न उघडलेली. मी नाव सांगताच लगबगीने उठून उभे राहिले. "अरे वा! तुमचा पहाटेचा परिच्छेद, मॅडम! मी चारदा वाचला."

मला तोंड लपवावंसं वाटलं. लेकीने उकडलेल्या तुरीच्या शेंगा मीठ लावून समोर ठेवल्या. सोलत सोलत मी सगळं सांगितलं. बाजूचं चित्र, ते का काढलं, कुणासाठी काढलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दिनकरचं काम बरोबर होतं," ते म्हणाले.

"एका मिलीमीटरचा फरक नाही."

"आणि छापलेलंही खोटं नव्हतं."

"अर्धंच होतं."

ते शेंग हातात फिरवत राहिले. "मॅडम, चूक तुमची, हे कळलं. पण बोललो ते मी. तुझ्या हाताला माप राहिलं नाही, हे काही तुमच्या लेखात नव्हतं. मी पोरांना छडीनेसुद्धा इतकं लागेल असं मारलं नाही कधी." त्यांनी हातातली शेंग परत ठेवली. "आता कोणत्या तोंडाने जाऊ? इथं राहीन. लेक चांगली आहे, जावई चांगले आहेत."

"चांगलेच आहेत," मी म्हटलं. "पण ट्रंक का नाही उघडली?"

मी समजूत काढण्यात पहिल्यापासून कच्ची. म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगितलं. सरकीची गादी, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, कमरेपाशी खळगा, आणि माणूस समोर नसताना ते सगळं हाताने दाबून केलेलं.

गुरुजींनी शेंगांची टरफलं एका हातात गोळा केली. बराच वेळ ती टाकायची कुठे हे त्यांना सुचेना. मग आत लेकीला हाक मारली, "माय, माझा स्वेटर दे बरं."

लेकीने स्वेटर दिला आणि डोळे पुसत मला खूण केली, लवकर न्या म्हणून.

यानात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उंद्रीला पोचलो तेव्हा शेडसमोर पाऊणएक गाव जमलं होतं. जीपवाला होता, वांग्याची पाटीवाली बाई होती. गुरुजी शेडच्या दारात थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "काम बरोबर होतं. माप बरोबर होतं. बोलणारा चुकला."

दिनकरराव शिडी धरून उभे होते. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, त्यांले सांगा, शिडीची दुसरी पायरी ढिली हाये."

गुरुजी हातभर अंतरावर होते. मी सांगितलं, "दुसरी पायरी ढिली आहे."

"त्याला सांगा, मला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "तीस वर्षांपासून ढिली आहे."

आत उतरण्याचा क्रम मी ठरवला. आधी डाव्या आसनात मी, मग उजव्या आसनात दिनकरराव, शेवटी मधल्या आसनात गुरुजी, कारण भोक त्यांच्या डोक्यावर येतं. पाठीवर पडलो, गुडघे पोटाशी घेतले. माझा खांदा गुरुजींना टेकला, त्यांचा दिनकररावांना. पॅराशूटच्या पेट्या आता डोक्याशी भांडत नव्हत्या. फळी तोंडासमोर आली, हवी तिथे. तिघं मावलो. अगदी मावलो! मी इतकी खूश झाले की मोठ्याने हसले.

"मॅडम," पलीकडून दिनकरराव म्हणाले, "त्यांले विचारा, खांद्याले टोचून राह्यलं काय."

मी डोकं वळवलं. गुरुजी डोळे मिटून पडले होते. त्यांनी खांदा एकदा उचलला, परत टेकवला. "त्याला सांगा," ते म्हणाले आणि थांबले. "त्याला सांगा, घरच्या गादीवर एवढं टेकलो नाही कधी."

वरून शोभावहिनींनी झाकण लावलं. अंधार झाला, आणि बाहेरच्या गावाचा गलका दूर गेल्यासारखा वाटला. चार घनमीटर हवा, मी लेखात लिहिलं होतं. तिघांच्या श्वासांनी ती किती लवकर कोंदट होते ते काही लिहिलं नव्हतं.

गुरुजींनी तुरीची काडी हातात घेतली आणि फळीवर टकटक केलं. शिक्षक तो शिक्षकच. "आता आपण परत येऊन राहिलो," ते सांगायला लागले. "पुढची खोली सुटली. मागचं इंजिन सुटलं. बाहेर सगळं पेटलं आहे, खिडकीतून लाल दिसतं. अंगावर वजन आलं." काडी पुढे सरकली. "दहा किलोमीटरवर मोठी छत्री उघडली. हिसका बसला. खालची तापलेली ढाल गळून पडली. आता आसनं आपोआप वर उचलली जातात, दणका झेलायला. म्हणून तोंड फळीजवळ येतं." मी माझ्या मजकुराला कधी इतका मान दिला नव्हता. "जमीन जवळ आली. मीटरभर राहिली की खालचे छोटे अग्निबाण पेटतात. त्याआधी नियम आहे. दात घट्ट दाबायचे. कोणी बोलायचं नाही. दणक्यात जीभ तुटते. झालं, आता कोणी बोलू नका."

आम्ही बोललो नाही. मी खरोखरच दात दाबले. अंधारात फक्त श्वास ऐकू येत होते. बाण पेटायचे नव्हते आणि दणका बसायचा नव्हता, त्यामुळे ती शांतता संपेना. तीन महिन्यांचं न बोलणं त्या पत्र्यात आमच्याबरोबर कोंडलेलं होतं आणि मला त्याची भीती वाटायला लागली. हे असंच उठतील, वाटलं. बाहेर जाऊन नमस्कार करतील आणि गुरुजी दुपारची गाडी पकडतील.

"गुरुजी."

मला नव्हे. मध्ये मी नव्हतेच.

"बोलू नको बे," गुरुजी दातांमधून म्हणाले. "जीभ चावशील."

"चावू द्या." दिनकररावांचा आवाज फाटला. "लेख गेला चुलीत. मले काई येत नाई बोलाले, तुमाले माहीत हाये. संध्याकाळी शेडमधी मले करमत नाई. तुमी जाऊ नका जळगावले."

मी माझ्या बाजूच्या पत्र्याकडे तोंड केलं. एवढ्या जागेत दुसरं काय करणार? गुरुजींचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता आणि तो हलत होता. ते रडताहेत की हसताहेत हे मी पाहिलं नाही. काडी खाली पडल्याचा आवाज आला.

"मी काय बोललो रे तुला," ते म्हणाले. "अख्ख्या गावासमोर."

"मी का कमी बोललो?"

"तू तं लेका मले पार…"

"हाव. बोललो."

वर झाकणावर ठकठक झाली. शोभावहिनींचा आवाज आला, आणि त्यामागे साऱ्या उंद्रीचा. "उतरलं काय यान? काढू का झाकन?"

"थांब वं शोभा," गुरुजी म्हणाले. "बोलून राह्यलो आमी."